चौदा नंबरचा कागद

बावीस वर्षं मी बातमीदारांचे आवाज ऐकले आणि त्यांतल्या एकाबद्दलही माझं मत चांगलं झालं नाही. आमचं सांजदैनिक होतं. दुपारी एकला शेवटचं पान छपाईला जायचं, त्यामुळे बाहेर भटकणाऱ्या बातमीदारांना कचेरीत येऊन लिहायला सवड नसे. ते टेलिफोनवरून बातमी सांगत आणि मी कानाला हेडफोन लावून ती टाइप करत असे. काचेची एक खोली, त्यात मी, टाइपरायटर आणि दोन टेलिफोन. बाहेर वीस जण एकमेकांवर ओरडत असायचे आणि मला फक्त त्यांची तोंडं हललेली दिसायची. त्या नोकरीतलं तेवढंच एक सुख होतं.

या कामाचं एक तंत्र आहे. ऐकायचं, पण समजून घ्यायचं नाही. शब्द कानातून आत येतात, बोटांतून बाहेर जातात आणि मध्ये डोकं घातलं की चुका होतात. आग लागली, पूल कोसळला, कुणी मेलं, सगळं एकाच वेगाने. नवीन मुली पहिल्या आठवड्यात रडत. मी त्यांना सांगायची, रडायचं असेल तर संध्याकाळी पेपर विकत घे आणि घरी जाऊन वाच. मला माझ्या न ऐकण्याचा फार अभिमान होता.

दुसरी गोष्ट कागदांची. आम्हाला कागद तारखेचा शिक्का आणि नंबर मारून मिळायचे. प्रत्येक बातमीच्या दोन प्रती निघत. वरची संपादकांच्या टेबलावर जायची, खालची कार्बनची माझ्या फायलीत, कोपऱ्यात वेळ टाकून. बातमीदाराने ‘फाडा’ म्हटलं की वरची फाडायची, पण कार्बनवर फुली मारून ती ठेवायची, कारण संध्याकाळी नंबर जुळायला लागत. माझ्या आधीच्या बाईने कचेरीच्या कागदांवर कुणाला तरी प्रेमपत्रं टाइप केली होती, म्हणून हा नियम निघाला. ती बाई लग्न करून गेली आणि नियम आमच्या डोक्यावर बसला.

गुन्ह्यांच्या बातम्या देणाऱ्या आमच्या थोर पुरुषाला सगळी कचेरी ‘सर्वप्रथम’ म्हणायची. त्याची प्रत्येक बातमी ‘सर्वप्रथम आमच्याच प्रतिनिधीला’ अशी सुरू होई. कुठे खून पडला की हा पोलिसांच्या आधी हजर, आणि याचा त्याने असा टेंभा मिरवला होता की मढ्यांनीही आधी त्याला कळवावं अशी त्याची अपेक्षा असावी. डोक्यावर तिरकी हॅट, ओठात न पेटवलेली सिगारेट. न पेटवलेली, कारण धुराने त्याला खोकला येत असे. बातमी सांगताना पूर्णविरामसुद्धा तो असा ठासून सांगायचा की आता टाळ्या पडतील.

आणि तिसरा माणूस आमचे जावई. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो मुख्य रस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. काचेवरच्या फोटोंवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, दुहेरी हनुवट्या घालवायच्या, हे त्याचं काम. दिवसभर लोकांची तोंडं सुधारायची आणि स्वतःचं एकही लक्षण सुधारायचं नाही. स्वतःच्या विनोदावर तो आधी हसायचा. छत्री मागून न्यायचा आणि दुसऱ्या कुणाची तरी आणून द्यायचा. तोंडाने वाजवायचा एक बाजा खिशात असे आणि कुणी गंभीर बोलायला लागलं की तो काढून वाजवी. माझ्या बहिणीने त्याच्यात काय पाहिलं हे मी तिला लग्नाच्या आधीही विचारलं होतं आणि दोन मुलं झाल्यावरही. ती म्हणायची, “ताई, घरात बरं वाटतं गं.” कचेरीत मी कधी सांगितलं नाही की हा माझा कुणी लागतो.

त्या सकाळी नऊ पन्नासला सर्वप्रथमचा फोन आला.

“बाई, घ्या. छायाचित्रकाराचा पडून मृत्यू. मुख्य रस्त्यावरील स्टुडिओचे मालक, वय बासष्ट, हे आज सकाळी छताजवळचा दिवा बदलत असताना तीन पायांच्या स्टुलावरून तोल जाऊन खाली कोसळले व लोखंडी दिवाखांबाच्या पायावर डोके आपटून जागीच मरण पावले. पूर्णविराम. मृताच्या हातात फुटलेल्या दिव्याची पितळी टोपी तशीच होती. पूर्णविराम.”

मी टाइप केलं. तो तिथे गेला होता स्वतःचा फोटो आणायला. त्याच्या सदराच्या वर छापायचा होता, हॅट तिरकी करून, अर्धं तोंड सावलीत. दार उघडं दिसलं, आत शिरला तर मालक जमिनीवर. तिथल्याच फोनवरून तो बोलत होता.

“पहिल्या पानावर काय आहे आज?” त्याने विचारलं.

“पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन.”

“आणि ही कुठे जाईल?”

“चौथ्या पानावर. बुटांच्या जाहिरातीखाली.” मी कुणाला विचारायला गेले नाही. कुठलं मढं किती ओळींचं हे मला बावीस वर्षांत पाठ झालं होतं.

मग तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला.

सव्वादहाला पुन्हा फोन. “मघाची फाडा. नवीन घ्या. भरदिवसा निर्घृण खून.” आणि मग धडाधड दीड पान. रक्ताने माखलेला लोखंडी दिवाखांब आडवा पडलेला, झटापटीत फुटलेल्या काचा, उलटी पडलेली खुर्ची, सर्वप्रथम आमच्याच प्रतिनिधीला दिसलेलं ते भीषण दृश्य. मी चौदा नंबरचा वरचा कागद फाडला, कार्बनवर फुली मारली आणि सतरा नंबरवर खून टाइप केला. माझ्या हातांना फरक पडला नाही. दिवसातून दहा वेळा ही मंडळी बातमी फिरवत, चार जखमी म्हणून सांगत आणि मग म्हणत सहा करा. पोलिसांना त्याने साडेदहाला कळवलं, म्हणजे आमची बातमी संपादकांच्या टेबलावर पोचल्यावर. पाण्याची टाकी तिसऱ्या पानावर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांनी जावयाला उचललं.

कारणं तशी भरभक्कम होती. आदल्या दिवशी त्याचं आणि मालकाचं भांडण झालं होतं. एका बड्या बाईच्या गालावरचा तीळ याने स्वतःच्या मर्जीने पुसून टाकला होता. त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला तो तीळ प्राणाहून प्यारा निघाला. मालकाने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली, कामावरून काढून टाकलं. त्यावर आमचे जावई काय म्हणाले? “तुमचं थोबाड एकदा मनासारखं सुधारायला मिळालं पाहिजे.” आणि हसले. शेजारच्या शिंप्याने ते ऐकलं. फक्त हसणं ऐकलं नाही. खुनाच्या सकाळी नऊला तो आपल्या पेन्सिली आणायला स्टुडिओत गेला आणि सव्वानऊला बाहेर पडला, हेही त्याच शिंप्याने पाहिलं.

त्या संध्याकाळी बहीण माझ्याकडे आली. मुलं शेजारणीकडे ठेवली होती. ती रडत नव्हती. ती रडणाऱ्यांतली नाही. मी चहा ओतत होते.

“ताई, तो म्हणतो, मी निघालो तेव्हा ते दिवा बदलायला स्टूल ओढत होते. पोलीस म्हणतात, खोलीत स्टूल नव्हतंच. खुर्ची होती, स्टूल नव्हतं. म्हणजे हा खोटं बोलतोय. पण ताई, माणूस स्टुलाबद्दल खोटं कशाला बोलेल?”

माझा हात थांबला नाही. पण त्या क्षणी मला आठवलं. तीन पायांच्या स्टुलावरून. शब्द न् शब्द आठवला, पूर्णविरामासकट. नऊ पन्नासला त्या खोलीत स्टूल होतं आणि सव्वादहाला नव्हतं.

मी म्हटलं, “तो कशाबद्दलही खोटं बोलतो.”

हे मी लपवून सांगत नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की सुटली बिचारी. जाईल हा चारदोन वर्षं आत. बहीण मुलांना घेऊन माझ्याकडे येईल, माझी मागची खोली रिकामीच आहे. मुलं वेळेवर झोपतील, वेळेवर उठतील. त्याच्या त्या बाज्यापासून सगळ्यांची सुटका होईल. उद्या बघू, असं मी स्वतःला सांगितलं. मग परवा बघू. मग म्हटलं, पोलिसांना काय आपल्यापेक्षा कमी कळतं? मूग गिळून गप्प बसायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत, फक्त सुरुवातीचा एक दिवस काढावा लागतो.

पाच महिने खटला चालला. सर्वप्रथमने त्यावर एकतीस लेख लिहिले आणि एकतीसच्या एकतीस मी टाइप केले. लेखमालेला त्याने ‘सैतानी पेन्सिल’ असं नाव दिलं. आमचा खप वाढला. संपादक त्याच्या खांद्यावर हात टाकून कचेरीभर फिरले. लेखांवर त्याचा तो तिरक्या हॅटचा फोटो छापून यायचा, आणि त्या फोटोतली त्याची दुहेरी हनुवटी आमच्या जावयानेच पेन्सिलने घालवलेली होती. कचेरीत हे फक्त मला माहीत होतं. मला हसू आलं होतं, हेही सांगते.

एकदा मी त्याला विचारलं होतं. तो बातमी सांगून थांबला होता आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ते स्टुलाचं काय झालं हो?”

“कुठलं स्टूल?”

“आधीच्या बातमीत होतं.”

“बाई,” तो म्हणाला, “आधीची बातमी नसतेच. छापली जाते ती बातमी.” आणि खोकला. त्या दिवशी बहुतेक सिगारेट पेटवली असावी.

निकालाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला त्याचा फोन आला. सांजदैनिकात निकालाची बातमी आदल्या दिवशीच तयार ठेवतात. न्यायाधीश बारा-साडेबाराला बोलायला लागतात आणि एकला पान जातं, मग लिहिणार कधी? म्हणून दोन बातम्या आधीच जुळवून ठेवायच्या, एक शिक्षेची, एक सुटकेची. दुसऱ्या दिवशी जी लागेल ती लावायची.

“घ्या. सैतानी पेन्सिलीला फाशी. आज न्यायालयाने नराधमास मृत्युदंडाची शिक्षा सुनावताच तो ढसाढसा रडू लागला. पूर्णविराम. त्याची पत्नी हंबरडा फोडून न्यायालयातच कोसळली व तिला चार स्त्रियांनी उचलून बाहेर नेले. पूर्णविराम. तिची दोन अजाण बालके...”

माझी बोटं थांबली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

फाशी. इतके दिवस मी चारदोन वर्षं धरून चालले होते. एकतीस लेखांत फाशीचा शब्द मीच शंभर वेळा टाइप केला असेल, पण तो कानातून बोटांत गेला होता. आता समोर पानावर माझी बहीण कोसळत होती. आमच्या आईला पोचवलं त्या दिवशीही ती कोसळली नाही, उलट तिनेच मला धरलं होतं. आणि हा हॅटवाला तिला उद्याच्या तारखेने चार बायकांच्या खांद्यावर घालून बाहेर काढत होता.

“सुटकेची बातमी?” मी विचारलं.

“तिची गरज नाही. लागणार नाही.”

मी फाइल काढली. पाच महिन्यांपूर्वीची तारीख, चौदा नंबर, नऊ पन्नास, फुली. कार्बन जरा पुसट झाला होता, पण वाचता येत होता. तो घेऊन मी संपादकांच्या खोलीत गेले.

संपादक जाड, स्वच्छ, हसतमुख माणूस. सत्याची चाड वगैरे विषयांवर ते दर रविवारी अग्रलेख लिहीत. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“बाई, हा रद्द झालेला कागद आहे,” ते म्हणाले. “रद्द कागद म्हणजे नसलेला कागद.”

“मग त्याला नंबर कशाला घालता?”

“तुम्ही दमला आहात. चार दिवस रजा घ्या. आणि हा इथेच राहू द्या.” त्यांनी कागदावर हात ठेवला. गुबगुबीत हात, नखं कापलेली. “विचार करा. एकतीस लेख. वाचकांना काय तोंड दाखवायचं आपण? शिवाय तो माणूस काय मोठा साधू आहे? तुमचा कोण लागतो तो?”

“बहिणीचा नवरा.”

ते जरा मागे सरकले. त्यांचा हात उचलला गेला तेवढ्यात मी कागद घेतला आणि बाहेर पडले. माझ्या मागे त्यांनी दोनदा हाक मारली. कचेरीतल्या वीस जणांची तोंडं हलायची थांबली होती.

जावयाचा वकील न्यायालयाने फुकट नेमून दिलेला होता आणि तो फुकट होता हे त्याच्याकडे बघून कळत होतं. कायम सर्दी. त्याने कागद दिव्याखाली धरला, दोनदा शिंकला आणि मग पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. “हे पुरायचं नाही. ते म्हणतील, तुम्ही नातेवाईक. कोरा कागद जपून ठेवला आणि काल रात्री टाइप केला. तुम्हाला हे कधी आठवलं?”

“ते मी तिथे सांगेन,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी निकाल बाजूला ठेवून माझी साक्ष घेतली. वार्ताहरांच्या बाकावर पहिलाच सर्वप्रथम बसला होता, हॅट मांडीवर. मला पाहून त्याने आधी मान हलवली, ओळखीची. बाईंचं काहीतरी किरकोळ काम असेल, असं त्याला वाटलं असावं. आरोपीच्या पिंजऱ्यात आमचे जावई. पाच महिन्यांत निम्मे झाले होते. मला पाहून हसले. बहीण तिसऱ्या बाकावर होती, ताठ.

वकिलाने कागद वाचून दाखवला. तीन पायांच्या स्टुलावरून, हे शब्द आले तसं न्यायालयात कुजबुज झाली. सर्वप्रथमची पेन्सिल थांबली. मग सरकारी वकील उठले. उंच, सडपातळ, गोड बोलणारे.

“आरोपी आपल्या धाकट्या बहिणीचे पती?”

“हो.”

“त्यांना फाशी झाली तर बहीण विधवा होणार. दोन लहान मुलं. बहिणीवर आपलं प्रेम आहे?”

“आहे.”

“मग तिच्या नवऱ्याला वाचवण्यासाठी आपण एखादा कागद टाइप करणार नाही? आपल्याला तर टायपिंग उत्तम येतं.” लोक हसले. “बाई, हा फोन आला तेव्हापासून ही गोष्ट आपल्या लक्षात होती, की अचानक निकालाच्या आदल्या दिवशी आठवली?”

इथे दोन वाटा होत्या आणि मला दोन्ही दिसत होत्या. काल आठवली म्हटलं असतं तर बहिणीपाशी माझी अब्रू राहिली असती. कामात गुंग होते, ऐकूनही न ऐकल्यासारखं असतं, हे तर माझ्या धंद्याचं खरं होतं, शपथेवर सांगायलाही चाललं असतं. पण मग सरकारी वकिलांचंच खरं ठरत होतं. जिवापाड माया करणारी मेव्हणी, शेवटच्या दिवशी, हातात कागद. त्यावर कुठल्याही न्यायाधीशाने विश्वास ठेवला नसता. मी समोर पाहिलं. बहीण माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. माझ्याबद्दल तिला किती वाटत होतं ते मला दिसलं.

“अटक झाली त्याच संध्याकाळी आठवली,” मी म्हटलं.

हे सरकारी वकिलांना अपेक्षित नव्हतं. “त्याच संध्याकाळी? आणि पाच महिने आपण गप्प राहिलात?”

“हो.”

“का?”

“मला तो आवडत नाही.”

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. “नीट सांगा.”

“मला तो कधीच आवडला नाही. बहिणीने त्याच्याशी लग्न केलं ते मला पसंत नव्हतं. तो तुरुंगात गेला तर ती माझ्याकडे राहायला येईल असं मला वाटलं. तिने मला त्याच संध्याकाळी स्टुलाबद्दल विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. मी तिला सांगितलं की तो खोटारडा आहे. फाशी होईल हे मी धरलं नव्हतं. काल ते टाइप करताना कळलं, म्हणून आले. आजही मला तो आवडत नाही. पण स्टूल होतं.”

कुणी हसलं नाही. सरकारी वकिलांनी कागदांची चाळवाचाळव केली आणि खाली बसले. मी मुद्दाम तिसऱ्या बाकाकडे पाहिलं नाही. मग पाहिलंच. बहिणीचे डोळे माझ्यावरच होते, पण आता ती मला ओळखत नव्हती.

न्यायाधीशांनी तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारलं, फोटो धुवायची मागची काळोखी खोली तपासली होती का. तो म्हणाला, “नाही साहेब. तिथे अंधार असतो.” स्टुडिओला पाच महिने न्यायालयाचं सील होतं. दुपारी माणसं पाठवली. काळोख्या खोलीत, धुण्याच्या पसरट भांड्यांच्या मागे तीन पायांचं स्टूल होतं, एक पाय खिळखिळा. वाळलेल्या भांड्याच्या तळाशी दिव्याची पितळी टोपी. एवढा मोठा गुन्हेगारीचा जाणकार, त्याला ती टोपी गटारात टाकायचंही सुचलं नव्हतं. पहिलं पान मिळाल्यावर बाकीच्या गोष्टींत त्याला रस राहत नसे.

माझी साक्ष संपता संपता तो बाकावरून उठून गेला होता. पोलिसांनी त्याला न्यायालयाच्या दारातल्या टेलिफोनच्या खोक्यात धरलं. माझ्या जागी बसलेल्या नव्या मुलीने मला नंतर सांगितलं, तो तिला बातमी सांगत होता. “सैतानी पेन्सिल खटल्यात खळबळ. सर्वप्रथम आमच्याच कार्यालयातील कागदाने उलगडले रहस्य.” स्वतःचं नाव त्यात घातलं नव्हतं. मुलीने विचारलं, पूर्णविराम द्यायचा का, तर पलीकडून उत्तर आलं नाही. ती बातमी आमच्या पेपरात पहिल्या पानावर तशीच छापली गेली. संपादकांनी रविवारी सत्यावर लिहिलं आणि सोमवारी मला घरी बसवलं.

जावई आठवड्याने सुटले. मी तुरुंगाच्या दारात गेले नाही. घरी थांबले, मागची खोली झाडली, पुन्हा झाडली. बहीण येईल, भांडेल, निदान शिव्या देईल, असं वाटत होतं. तिने काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं.

पंधराव्या दिवशी दारावर थाप पडली. जावई एकटेच होते. हातात छत्री, अर्थातच दुसऱ्या कुणाची तरी.

“ताई, आभार मानायला आलो.”

“आत या.”

ते खुर्चीत बसले आणि पाय हलवू लागले. मी चहा केला. त्यांनी बशीत सांडला, बाहीने पुसला. मग म्हणाले, “तुम्ही कोर्टात म्हणालात ना, मला तो आवडत नाही, तेव्हा मला आतून हसू आलं. म्हटलं, इथे एक तरी माणूस खरं बोलतोय. मला स्वतःलाही मी सहन होत नाही कधी कधी.” आणि आधी स्वतःच हसले.

पाच महिने या माणसाने माझ्यामुळे काळकोठडीत काढले होते आणि त्याने ते छत्रीसारखंच कुठेतरी विसरून टाकलं होतं. मला त्याच्या क्षमेचा रागच आला. मला ती त्याच्याकडून नको होती.

“ती कशी आहे?” मी विचारलं.

पाय हलायचे थांबले. “बरी आहे.”

“काही म्हणाली?”

“ताई, राहू द्या.”

“सांगा.”

त्यांनी कप उचलला. गंभीर बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते त्यांना जमत होतं. “ती म्हणते, ताईने कोर्टात खोटं बोलायला हवं होतं. काल आठवलं म्हणायचं होतं.”

“तसं म्हटलं असतं तर तुम्ही लटकला असता.”

“मी तेच सांगितलं तिला.”

“मग?”

“म्हणाली, ते मला कळतं.” त्यांनी कप खाली ठेवला. “पण तुमच्याकडे यायचं म्हटलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.”